जु. वा. किं. अं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन दिवस दिवेआगरला होतो. तिथल्या सुवर्णगणेशासमोर उभं राहून मी मुलीला सगळी कथा सांगितली. मुखवटा 1997 साली बागेत सापडला. 2012 साली दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन दरोडेखोरांनी तो पळवला आणि वितळवून टाकला. आता दिसतो तो 2021 साली नव्याने बसवलेला. ‘‘वितळवल्यावर सोनं आपलंच आहे हे कसं ओळखायचं, बाबा?’’ मुलीनं विचारलं. मोठी झालीस की कळेल, असं मी म्हणालो. मला मात्र कळायला तेवढा वेळ लागला नाही, कारण त्याच सुमारास पुण्यात कुणीतरी आमच्या दाराचा कोयंडा उचकटत होतं.

परतलो तर दार नुसतं लोटलेलं. कपाट उघडं, गादी उलटी, साड्यांचा डोंगर. मी 112 लावणार तोच ही म्हणाली, ‘‘थांबा जरा. असल्या पसाऱ्यात पोलिसांना घरात कसं घ्यायचं?’’ आणि चक्क घड्या घालायला बसली. ‘पुरावा’ हा शब्द मी तीनदा उच्चारला. तेव्हा कुठे ती उठली, पण बेसिनमधली भांडी विसळूनच. मग तिनं साबुदाण्याचा डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण लावलं. ‘‘काय गेलं?’’ ‘‘काही नाही. साबुदाणा बघत होते.’’ दोन दिवसांवर एकादशी होती, त्यामुळे मीही पुढे विचारलं नाही.

पोलीस आले, ठसेवाले आले, श्वानही आलं. श्वान पार्किंगपर्यंत गेलं, सेक्रेटरींच्या स्कूटरपाशी बसलं आणि सोसायटीला पुढचे दोन महिने पुरेल एवढा विषय देऊन परत गेलं. पंच म्हणून दोन माणसं हवी होती. एरवी आमच्या घरात काय शिजतं ते वासावरून सांगणाऱ्या मजल्यावरची सगळी दारं तेवढ्यात बंद झाली. शेवटी इस्त्रीवाला आणि पाणी सोडणारा असे दोन पंच लाभले.

फिर्याद लिहिताना पहिला पेच पडला तो चोर दिवसा आला की रात्री, याचा. नव्या न्याय संहितेच्या कलम 331 नुसार चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, सूर्यास्तानंतर फोडलं तर चौदा. शेजाऱ्यांना विचारलं. त्यांनी ठोकाठोकी ऐकली होती, पण ‘कुणीतरी फर्निचर करतंय’ असं वाटून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. हवालदारसाहेब जुन्या वळणाचे. तोंडानं ‘चारशे सत्तावन्न, तीनशे ऐंशी’ म्हणत होते आणि बोटांनी संगणकात 331 आणि 305 शोधत होते. जुलै 2024 पासून कायदा बदलला, सवय अजून बदलायची होती.

मग आली यादी. घरफोडीत खरा त्रास चोरीचा नसतो, यादीचा असतो. काय गेलं ते सांगायचं म्हणजे काय होतं ते सांगायचं, आणि काय होतं याची आमच्या घरात किमान चार उत्तरं होती. पोलिसांसाठी एक, नातेवाइकांसाठी दुसरं, आयकराच्या भीतीनं तिसरं, आणि आम्ही दोघं एकमेकांना सांगत आलो ते चौथं. खरी यादी एकट्या चोराकडे होती.

हिनं सांगितलं, हवालदारांनी लिहिलं. ‘एक सोन्याचे मंगळसूत्र, जु. वा. किं. अं.’ म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे. तीस वर्षांच्या संसाराचं इतकं नेमकं वर्णन मी तरी कुठल्या साहित्यात वाचलेलं नाही. पावती 2009 ची, म्हणून भावही 2009 चाच लागला. साडेसात तोळे एक लाख बारा हजारात बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘बंद फ्लॅट फोडून सव्वा लाखाचा ऐवज लंपास’ असं तीन ओळींत छापून आलं. सांत्वनाला आलेल्यांचे चेहरे पाहवेनात. ‘‘एवढंच?’’ असं तोंडानं कुणी म्हणालं नाही, पण दुसऱ्यांदा चहाही कुणी घेतला नाही.

चोरानं जे नेलं त्याचं दुःख होतंच. पण जे नेलं नाही त्याचा अपमान जास्त झोंबला. हिच्या मावशीनं लग्नात दिलेला ‘सोन्याचा’ तन्मणी त्यानं खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला होता आणि तिथंच टाकला होता. बावीस वर्षं आम्ही तो लॉकरमध्ये ठेवायचो, वर्षाचं भाडं भरून. माझ्या साहित्यसंघाच्या चांदीच्या पदकालाही त्यानं हात लावला नव्हता. जाणकार होता.

यादीत ‘मयत आईच्या दोन पाटल्या’ असंही नोंदलं गेलं. आईच्या पाटल्या तिच्या आजारपणात मोडल्या, असं ताईला आम्ही 2011 साली सांगितलं होतं. भाचा वकील. त्यानं एफआयआर वाचून दाखवला. रात्री ताईचा फोन. ‘‘अरे, पोलिसांचं अभिनंदन कर. तेरा वर्षांपूर्वी मोडलेल्या पाटल्या त्यांनी एका दिवसात शोधल्या.’’

तळमजल्यावरचे निवृत्त सीए काका धीर द्यायला आले. 1994 चं एक परिपत्रक आहे म्हणाले. आयकराच्या धाडीत विवाहितेमागे पाचशे ग्रॅम, अविवाहित मुलीमागे अडीचशे आणि पुरुषामागे शंभर ग्रॅम दागिन्यांना हात लावत नाहीत. ‘‘म्हणजे आयकरवाले आले असते तर तुमचं गुंजभरही गेलं नसतं.’’ धाड पडण्याचं भाग्य लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

विमा होता. कर्ज देताना बँकेनंच गळ्यात मारला होता. तो भिंतींचा निघाला. भिंती जळाल्या असत्या तर काही करता आलं असतं, असं तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं. सोसायटीचा कॅमेरा चालू होता, रेकॉर्डिंग मात्र होत नव्हतं. कॅमेऱ्यासाठी वर्गणी काढायचं ठरलं, आणि पहिली पावती ‘ज्यांना गरज भासली’ म्हणून माझ्या नावानं फाडली.

चार-पाच महिन्यांनी हवालदारांनी सांगितलं, आता ‘अ’ समरी पाठवावी लागेल. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही. हिला त्यातल्या ‘खरा’चंच कौतुक. ताईला कळवा म्हणाली.

आणि गेल्या मंगळवारी त्यांचाच फोन. ‘‘काका, पेढे आणा. दुसऱ्या गुन्ह्यातला एक जण तुमचं घर दाखवतोय. सोनाराकडून लगड जप्त केलीय.’’

‘‘आमची?’’

‘‘तीन फ्लॅटची मिळून एक. ते कोर्ट बघेल. पण एक घोळ आहे. त्याची यादी तुमच्या यादीशी जुळत नाही.’’

‘‘पाटल्यांचं म्हणताय का?’’

‘‘पाटल्या बरोबर आहेत. तुमच्या फिर्यादीत रोख रक्कम ‘निरंक’ आहे. तो म्हणतो, साबुदाण्याच्या डब्यात पंचेचाळीस हजार होते. आता चोर कशाला वाढवून सांगेल?’’

फोन स्पीकरवर होता. 2016 च्या नोव्हेंबरात, नोटबंदीच्या आठवड्यात, ह्याच स्वयंपाकघरातल्या डब्यांनी एकदा कबुलीजबाब दिला होता. त्यानंतर असं होणार नाही, असंही आमचं ठरलं होतं. मी हिच्याकडे पाहिलं. ‘‘दूध बघते हं,’’ म्हणत ही उठली.

दूध सकाळीच तापवून झालं होतं.