विवाह अद्याप अस्तित्वात आहे, सबब…

अमक्याचं लग्न टिकलंय की मोडलं, याची चौकशी करण्याचा मान आपल्याकडे आत्या, मावशी आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा. त्यांच्या पंगतीला आता केंद्रीय गृह मंत्रालयही पाट मांडून बसलं आहे. काकू तोंडी विचारतात. मंत्रालयाला लेखी लागतं, सोबत ताजा फोटो.

प्रकरण ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचं. भारतीय नागरिकाशी, किंवा हे कार्ड असलेल्या मूळच्या भारतीयाशी लग्न केलं, की परदेशी सुनेला (आणि जावयालाही, पण आपल्याकडे चौकशी सुनेचीच होते) ते मिळू शकतं. मग दर खेपेला व्हिसा नको, पोलिसांत नोंदणी नको. अट एवढीच, की लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. नवऱ्याचं खरं रूप कळायला दोन वर्षं लागतात, हे नागरिकत्वाच्या कायद्यात घालणारा अधिकारी संसारी असणार, यात शंका नाही. त्याशिवाय सुरक्षा यंत्रणांची मंजुरी. आणि घराणं? आपले भटजी गोत्र आणि नाडी पाहून थांबतात. कायदा सुनेच्या पणजोबापर्यंत जातो. तिथवर कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक निघाला, की स्थळ बाद.

एवढं करून कार्ड हाती आलं, की एखाद्या ओहायोच्या पोरीला वाटतं, सुटले. मग तिचा पासपोर्ट संपतो. नवा आला, की तीन महिन्यांत तो अपलोड करायचा आणि बरोबर घोषणापत्र जोडायचं, की आमचा विवाह अद्याप अस्तित्वात आहे. अमेरिकन पासपोर्ट दहा वर्षं चालतो, म्हणजे सरकारला दहा वर्षांनी एकदा तिच्या संसाराची आठवण येते. पण पासपोर्ट जीन्सच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमध्ये फिरून आला, तर लगेच. पासपोर्ट धुतला गेला, नवऱ्याचं काय?

नवऱ्याला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. हा गृहस्थ सदाशिव पेठेत जन्मला, अमेरिकेत गेला, तिथल्या झेंड्यापुढे हात वर करून शपथ घेतली, भारतीय पासपोर्ट सोडून दिला. त्याचं कार्ड जन्माच्या पुण्याईवर, तहहयात. त्यानं दोनदा घटस्फोट घ्यावा, तिसऱ्यांदा बोहल्यावर चढावं, दर मे महिन्यात आंबे खायला यावं. आणि बायको? ती लग्न करून इथं आली, सासूकडून पुरण वाटायला शिकली, ‘ळ’ म्हणता म्हणता जीभ चावून घेतली. कोर्टाने विवाह मोडला, की तिचं कार्ड रद्द होऊ शकतं. ज्यानं देश सोडला त्याला जन्मभर, जी देशात आली तिला कुंकू असेपर्यंत. मुलांची कार्डं वेगळी, बापाच्या नात्यानं. मग आईचं कार्ड गेलं, की सुट्टीत मुंबईला उतरल्यावर मुलं आपल्या रांगेत आणि आई पर्यटकांच्या.

या कारभाराचा मुहूर्तही पाहण्यासारखा आहे. मूळच्या भारतीयांचं जुनं पीआयओ कार्ड ओसीआयमध्ये विलीन झालं ते ९ जानेवारी २०१५ रोजी, प्रवासी भारतीय दिवशी. ही तारीख गांधीजींची: १९१५ साली याच दिवशी ते दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला परतले. त्याआधी, १९१३ साली, तिथल्या केप कोर्टाच्या न्यायमूर्ती सर्ल यांनी ख्रिस्ती विधीनं न झालेली, सरकारदरबारी न नोंदवलेली लग्नं कायद्यानं लग्नं नव्हेत असा निकाल दिला होता. एका हिंदी माणसाच्या बायकोला बंदरावरूनच परत धाडायचं होतं, त्यातून निघालेला तो खटला. त्याविरुद्धच्या सत्याग्रहात कस्तुरबा उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. बायको कोण हे इमिग्रेशन खात्याचा कारकून ठरवणार काय, असं ते भांडण. आपण तारीख गांधीजींची घेतली, रजिस्टर सर्लसाहेबांचं.

कार्डधारकाला मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही, आणि गिर्यारोहण किंवा पत्रकारिता करायची तर खास परवानगी. (म्हणजे हे सदर एखाद्या परदेशी सुनेनं लिहिलं असतं, तर आधी अर्ज करावा लागला असता.) फायदेही आहेत. २०२१च्या अधिसूचनेप्रमाणे ऐतिहासिक वास्तूंचं तिकीट भारतीयांच्या दरानं. शाहजहानने बायकोसाठी बांधलेला ताजमहाल संसार टिकवणाऱ्या सुनेला ५० रुपयांत पाहता येतो. घटस्फोट घेऊन कार्ड गेलं, तर ११००.