डब्याएवढा अँप, मांडवभर अपेक्षा

वसमतच्या हळदीच्या बाजारात पिशवी दाखवून कोणी पोत्याचं वजन सांगितलं, तर हमालही हसेल. लग्नातला ऑर्केस्ट्रावाला मात्र डब्याएवढा बेस अँप मुकाट घेतो, कारण खोक्यावर ‘५०० वॅट’ छापलेलं असतं. (बहुतेकदा चार ओहमच्या स्पीकरवर, आठचा जोडला की आकडा निम्म्याच्या आसपास येतो.)

बेस गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. स्पीकरचं लहान खोकं, खोल सूर, मोठा आवाज: यातल्या कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. क्लास-डी सर्किटमुळे अँप हलका झाला, स्पीकरने ढकलायची हवा नाही.

मग केबल. गिटारची आणि स्पीकरची, दोन्हींना तोच ६.३५ मिलिमीटरचा जॅक. आत मात्र एकीत बारीक तार आणि भोवती जाळी, दुसरीत दोन जाड तारा. अँपपासून स्पीकरपर्यंत गिटारची लावली तर ती तापते. उलट केलं तर घरघर. ही गल्लत टळावी म्हणून फिरवून बसणारा स्पीकॉन आला. आता काही कंपन्या जॅक आणि स्पीकॉन दोन्ही घेणारं सॉकेट देतात, म्हणजे चूक करायची सोय पुन्हा हजर!

तेव्हा वॅट नंतर वाचा, आधी केबलवर ‘स्पीकर’ लिहिलंय का ते बघा.