बाराच मिनिटं!

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत असे एक काका हमखास भेटतात. निवृत्त इंजिनिअर, गुडघे दुखरे, उभ्या जन्मात घोड्यावर बसलेले नाहीत. वेड मात्र काउबॉयच्या मूकपटांचं. गॅरेजमध्ये १६ मिलिमीटर फिल्मचे डबे, गाडी बाहेर बर्फात. तुम्ही कौतुकानं जॉन वेनचं नाव काढावं, तर "तो फार नंतरचा हो!" म्हणून उडवून लावतात. विल्यम एस. हार्टनं १९२५ साली 'टंबलवीड्स' करून निवृत्ती घेतली, तिथंच काकांच्या लेखी घोडे धावायचे थांबले.

जेवणं आटोपली की काका दिवे मालवतात. "बाराच मिनिटं!" म्हणजे 'द ग्रेट ट्रेन रॉबरी', १९०३. त्यात एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो. हा तुकडा सुरुवातीला दाखवा नाहीतर शेवटी, तुमची मर्जी, असं एडिसन कंपनीनंच तेव्हा खेळवाल्यांना कळवलं होतं. काका दोन्हीकडे दाखवतात. मधे थांबवून "हा बघा, हाच पुढे काउबॉय हिरो ब्रॉन्को बिली झाला!" आणि मग मान ताठ करून, "गाडी लुटली कुठं? आपल्या जर्सीत!" हे मात्र खरं आहे. बारा मिनिटांचा दीड तास होतो, काकू ताकाचे पेले फिरवत राहतात.

काकूंचं दुखणं वेगळंच. लग्नाच्या वाढदिवसाची यांना मुलांनी आठवण करून द्यावी लागते, ९ जुलै मात्र तोंडपाठ. १९३७ साली त्या दिवशी जर्सीतल्याच लिटल फेरीला फॉक्स कंपनीच्या गोदामात नायट्रेट फिल्मनं पेट घेतला आणि काउबॉय नट टॉम मिक्सचे कितीतरी सिनेमे जळाले. काका ही हकिगत घरातलं माणूस गेल्यासारखी सांगतात, आपल्यालाही मग हसवत नाही. अमेरिकेचे सुमारे ७० टक्के मूक कथापट आज उरलेलेच नाहीत.

पण काका आशा सोडणारे नव्हेत. जॉन फोर्डचा १९१७ चा 'स्ट्रेट शूटिंग' हरवलाच असं सगळे धरून चालले होते, त्याची प्रत निघाली चेकोस्लोव्हाकियातल्या संग्रहात! "मग आपल्या एडिसन गावातल्या माळ्यावर का नाही निघणार?" कुणी जुनं घर घेतलं, की सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊनच काका माळ्याचा जिना शोधतात. आजवर ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळाच निघाल्या आहेत.

तेव्हा जर्सीत जुनं घर घेणार असाल, तर पूजेआधी माळा झाडून ठेवा. काका येणारच.