मळखाऊ

स्वतः सदाशिव पेठेत राहून वाकडला ‘गुंतवणुकीचा’ टू बीएचके बाळगणारे काका तुमच्या ओळखीत एक तरी असतील. त्यांच्या स्वतःच्या घरात वडिलांनी बसवलेली मोझॅइक आहे. तिला शेवटचं पॉलिश थोरलीच्या लग्नात झालं. पण वाकडचा भाडेकरू घर सोडून गेला, की काकांना फरशी बदलायची लहर येते आणि कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या दुकानदारांची साडेसाती सुरू होते.

“काका, राहायला की भाड्याने द्यायला?” सेल्समनचा पहिला प्रश्न. ‘भाड्याने’ म्हटलं, की इटालियनच्या तोंडात मारेल अशी चकचकीत फरशी आत जाते आणि चहाची ऑर्डर कटिंगवर येते. काकांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना फक्त मळखाऊ रंग हवा असतो. पांढरा नको, केस दिसतात. काळा नको, धूळ दिसते. सांडलेला चहा वाळला तरी डिझाइनच वाटावं, असा एक तपकिरी ते बरोबर हुडकून काढतात.

मग खिशातून किल्ली निघते आणि नमुन्यावर करकरते. “जीव्हीटीचं डिझाइन वरून छापलेलं. थर झिजला की संपलं. डबल चार्ज दाखवा, रंग 3-4 मिलिमीटर आत असतो.” सेल्समनने ब्रँडचं नाव काढलं, की “माल मोरबीचाच ना?” एवढंच विचारून ते गप्प बसवतात.

2 बाय 2 च्या पेटीत 4 नग, म्हणजे 16 चौरस फूट. त्यावर कटिंगला 10 टक्के, शिवाय 2 पेट्या जादा, कारण पुढच्या लॉटची शेड जुळत नाही. या जादा पेट्या काकूंच्या दिवाणाखाली असतात. त्यावरचं काकूंचं मत छापण्याजोगं नाही.

कंत्राटदार सुचवतो, जुन्यावरच नवी बसवू, राडारोडा वाचेल. काका टेप काढतात. दारं खालून रंधावी लागतील, बाथरूमची पातळी वर येईल आणि पाणी हॉलमध्ये. विषय बंद.

बाथरूमच्या अँटीस्किडला मात्र ते घासाघीस करत नाहीत. “भाडेकरू घसरला की भाडंही घसरतं,” म्हणतात. (मला हे कारण पटलेलं नाही. माणूस मुळात बरा आहे, पण ते कळू देत नाही.)

काम झालं, की रुपयाचं नाणं घेऊन काका फरशी न् फरशी वाजवतात. पोकळ वाजली तिथे खडूची फुली. मिस्त्री तेवढ्यात तंबाखू मळायला गॅलरीत जातो.

पुढे 11 महिन्यांच्या करारावर भाडेकरू येतो. फरशीकडे न बघताच विचारतो, “इथे वायफाय कुणाचं चांगलं चालतं?”

तरी तुम्हाला भाड्याच्या घराची फरशी घ्यायची असेल, तर कॅटलॉग बाजूला ठेवा आणि काकांना बरोबर न्या. चहाचे पैसे तुम्हीच द्या. ते तसं गृहीत धरूनच निघतात.