आधाररावांस अनावृत पत्र

श्रीयुत आधारराव यांसी,
मूळ मुक्काम टेंभली, जिल्हा नंदुरबार.
हल्ली मुक्काम प्रत्येकाच्या पाकिटात.



तुमचा जन्म आपल्या महाराष्ट्रातला. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभलीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत तुमचं बारसं झालं आणि तेव्हापासून तुमची भरभराट आम्ही कौतुकाने पाहत आलो. गॅसच्या अनुदानाला तुम्ही, पॅनला जोडायला तुम्ही, पोराच्या शाळाप्रवेशाला तुम्ही, भाडेकराराला तुम्ही. सिमकार्डासाठी आणि बँक खात्यासाठी तुमची सक्ती नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावलं. तरी तालुक्याच्या गावातला लॉजवाला आजही चावी हातात देण्याआधी तुमचीच झेरॉक्स मागतो. लग्नघरात वरमाईचा असतो तसा तुमचा मान. तुम्ही आल्याशिवाय कुठलंही कार्य पुढे सरकत नाही.

म्हणून त्या दिवशी विमानतळावर तुमचा जो अपमान झाला, तो फार जिव्हारी लागला.

आम्ही सहकुटुंब काठमांडूला निघालो होतो. आईला पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं होतं, पोराला हिमालय बघायचा होता. काउंटरवर तुमच्या चार आवृत्त्या ओळीने मांडल्या: आई वय बहात्तर, मुलगा वय बारा, आणि मधले आम्ही दोघं नवराबायको. काउंटरवरच्या मुलीने आईचं आणि पोराचं कार्ड उचललं, आमची दोन एका बोटाने परत सरकवली.

“सर, पासष्ट पूर्ण आहेत का?”

“नाही.”

“मग पंधराच्या आत?”

हे तिने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. माझ्या डोक्यावरचं उरलंसुरलं पांढरं वैभव तिच्या समोरच होतं.

बरं, ती मनाचं काही सांगत नव्हती. केंद्रीय गृह खात्याने जानेवारी २०१९ मध्ये तसं स्पष्टच केलेलं आहे. नेपाळ आणि भूतानला जाताना पंधरा वर्षांखालच्यांचं आणि पासष्टच्या वरच्यांचं आधार चालेल. बाकीच्यांनी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र आणावं. म्हणजे ज्याला अजून मिसरूड फुटलेलं नाही आणि ज्याची कवळी रात्री पेल्यात असते, त्यांच्याबद्दल तुमचा शब्द प्रमाण. मधली पन्नास वर्षं, ज्यांत माणूस आयकर भरतो, गृहकर्जाचे हप्ते फेडतो आणि या सगळ्या यंत्रणेचा पगार काढतो, त्या काळात तुमच्या शब्दाला वेशीबाहेर कवडीची किंमत नाही.

माझी दहाही बोटं तुमच्याकडे आहेत, आधारराव. दोन्ही बुबुळं आहेत. तरी शेवटी मला विमानात चढवलं कुणी? मतदार ओळखपत्राने. त्यावरचा फोटो असा आहे की तो माझाच, हे शपथेवर सांगायला आईही कचरेल. नावात एक काना जास्त, वडिलांच्या नावात एक कमी. मुलीने ते नुसतं उलटंपालटं केलं आणि बोर्डिंग पास छापला.

तुमची बाजू मी समजून घेतली आहे, नाही असं नाही. तुमच्या कायद्यातच लिहिलंय की तुम्ही नागरिकत्वाचा पुरावा नाही. वर्षभरात १८२ दिवस इथे राहिलेल्या कोणाही रहिवाशाला तुम्ही मिळू शकता. रत्नागिरीच्या आंबाबागांत हंगामभर राखण करणाऱ्या, कलमांना पाणी घालणाऱ्या नेपाळी माणसाला आपल्या देशाचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र दाखवून तुम्हाला रीतसर खिशात घालता येतं. तेव्हा तुम्हाला पाहून समोरचा भारतीय की नेपाळी, हे सांगता यायचं नाही. ठीक. पण मग आईचं काय? पासष्टी ओलांडल्यावर रहिवाशाचा आपोआप नागरिक होतो काय? आणि आमचा पोरगा पंधराव्या वाढदिवसाला केक कापून संशयित होणार की काय?

आता यातली खरी गंमत ऐका. हे सगळं विमानाने जाणाऱ्यासाठी. रेल्वेने गोरखपूर गाठा, तिथून जीप धरून सोनौलीला उतरा. एकच रस्ता, ट्रकची न संपणारी रांग, मनी चेंजरच्या टपऱ्या, आणि समोर नेपाळची कमान. कमानीखालून सायकलवाले पिशव्या लटकवून जातात-येतात, बायका माहेरी जातात, पोरं शिकवणीला जातात. सशस्त्र सीमा बलाचा जवान शंका आली तर ओळखपत्र मागतो, नाहीतर पिशवीत डोकावून पुढे सोडतो. व्हिसा नाही, पासपोर्टाची सक्ती नाही. स्वतःची गाडी घेऊन गेलात तर मात्र भन्सार म्हणजे नेपाळी जकात कार्यालयात परवाना काढून दिवसांप्रमाणे पैसे भरावे लागतात. माणूस मोकळा, मोटार अडकलेली.

हे आजकालचं नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारातल्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायला, मालमत्ता घ्यायला, व्यापार करायला आणि हिंडायला-फिरायला मोकळीक दिली. साडेसतराशे किलोमीटरच्या आसपासची सीमा, आणि तिच्या दोन्ही अंगांना रोटी-बेटी व्यवहार. रत्नागिरीचा तो राखणदारही याच वाटेने येतो. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं विमान कंदहारला पळवलं गेलं, आणि त्यानंतर आकाशातून जाणाऱ्यांच्या कागदपत्रांकडे सरकारचं लक्ष गेलं. ते समजण्यासारखं आहे. पण त्याच देशात जमिनीवरून चालत गेलो तर मी शेजारी, आणि तीस हजार फुटांवरून गेलो तर परका, हा हिशोब मला अजून जुळलेला नाही. वाईट हेतूचा माणूस विमानाचं तिकीटच काढेल, अशी काही अट आहे का?

मतदार ओळखपत्रावर जळू नका. त्याची घरची अवस्था तुमच्याहून वाईट आहे. २०२५ च्या जूनमध्ये बिहारात मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी निघाली. निवडणूक आयोगाने अकरा कागदपत्रांची यादी दिली. तिच्यात तुम्ही नव्हतात, रेशनकार्ड नव्हतं आणि आयोगाने स्वतः छापलेलं मतदार ओळखपत्रही नव्हतं. म्हणजे रक्सौलचा माणूस ते कार्ड दाखवून काठमांडूच्या विमानात बसेल, पण त्याच कार्डाच्या जोरावर रक्सौलच्या मतदारयादीत राहील याची खात्री नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तुम्हाला बारावं कागदपत्र म्हणून आत घेतलं, तेही ओळखीपुरतं. नागरिकत्वाचं नाव काढायचं नाही या बोलीवर.

राहिले तुमचे थोरले बंधू, निळ्या कोटातले पासपोर्टराव. त्यांचा रुबाब मोठा, तरी पत्त्याचा पुरावा म्हणून ते तुमच्याच खांद्यावर उभे आहेत. पासपोर्ट कार्यालयात तुम्ही चालता, तुमच्या जोरावर निघालेला पासपोर्ट काठमांडूला चालतो, तुम्ही मात्र चालत नाही. पण थोरल्यांचीही कधी कधी कशी फजिती होते, ते पाकिस्तानातल्या कर्तारपूरला पाहावं. डेरा बाबा नानकच्या सीमेपलीकडे जेमतेम काही किलोमीटरवर गुरुद्वारा, जो भाविक वर्षानुवर्षं अलीकडून दुर्बिणीतून पाहत होते. ९ नोव्हेंबर २०१९ ला मार्ग खुला झाला. व्हिसा नको, पण पासपोर्ट हवा, शिवाय माणशी वीस डॉलर शुल्क. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांनी पासपोर्ट लागणार नाही, साधं ओळखपत्र पुरे, असं जाहीर करून टाकलं. मग त्यांच्याच लष्कराच्या प्रवक्त्याने पासपोर्ट लागेल असं सांगितलं. तर पासपोर्ट न्यायचा, दाखवायचा आणि त्यावर शिक्का न उमटवता परत आणायचा. मे २०२५ मध्ये भारताने हा मार्ग बंद केला, तेव्हा तेवढंही उरलं नाही. शेजाऱ्याकडे जायला लागतो तो मुळात दोन सरकारांमधला विश्वास. तो असला की सोनौलीसारखं कागदावाचून चालतं, नसला की छत्तीस पानी पासपोर्टही कमी पडतो.

तेव्हा आधारराव, तुमच्यामार्फत तुमच्या मालकांना एवढंच विचारायचं आहे. आमच्याकडे तुम्ही आहात, पॅन आहे, मतदार ओळखपत्र आहे, वाहन परवाना आहे, रेशनकार्ड आहे. कपाटात एक अख्खा कप्पा या मंडळींनी अडवला आहे. यातलं प्रत्येक जण मी कुठे राहतो, किती कमावतो, गाडी चालवतो का, धान्य घेतो का हे सांगतं. मी या देशाचा आहे एवढं साधं वाक्य मात्र कोणी सरळ बोलत नाही. ते वाक्य बोलणारा एक कागद प्रत्येकाला द्या. ते जमत नसेल तर निदान पंधरा ते पासष्टची अट काढा आणि आम्हालाही आईच्या रांगेत उभं राहू द्या.

कळावे, लोभ आहेच.

आपला नम्र,
पंधरा ते पासष्ट वयोगटातला एक रहिवासी

ता. क. हे पत्र वाचून कोणी काठमांडूचं तिकीट काढणार असेल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावं. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये. उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं. त्याला मात्र कोणतंही ओळखपत्र लागत नाही.