नारळ उभा राहिला

भूगोलाचा मास्तर असल्यामुळे पायाखाली काय आहे ते मला कायम ठाऊक असतं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या वावराखाली बेसॉल्ट आहे, लाव्ह्याच्या थरावर थर. पाणी त्या खडकात नसतं. त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत असतं, आणि पाऊसच झाला नाही तर तिथंही नसतं. सह्याद्री, घाटमाथ्यावरच रिकामे होणारे ढग, पर्जन्यछाया हे सगळं रंगीत खडूने फळ्यावर काढून मी पिढ्या पास केल्या. घरच्या कपाटात अंधश्रद्धेविरुद्ध लिहिणाऱ्या दाभोलकरांची पुस्तकं आहेत. असा माणूस हातावर नारळ घेऊन रानात का फिरला, असं बायको विचारते. मी तिला पर्जन्यछाया समजावून सांगतो.

झालं असं की विहिरीने फेब्रुवारीतच तळ दाखवला आणि थोरल्या दादाने पाणाड्या बोलावला. मी कडाडून विरोध केला आणि बघायला गेलो. निव्वळ निरीक्षण करायला, असं चारचौघांत जाहीर करून.

कुणी उंबराची बेचकी धरतो, कुणी लोलक. हा नारळवाला होता. स्वच्छ टोपी, कमी बोलणं, भोंदूपणाचा मागमूस नाही. माझी तिथंच पंचाईत झाली. तळहातावर नारळ आडवा, शेंडी बोटांकडे. तो उभा राहील तिथं पाणी. बांधावरच्या लिंबापाशी नारळ टुणकन उभा राहिला. दादाने हात जोडले.

मी फॅरेडे काढला. 1853 साली लंडनमध्ये लोक टेबलाभोवती हात ठेवून बसत आणि टेबल फिरलं की भुतांना श्रेय देत. फॅरेडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकते पुठ्ठे घालून दाखवून दिलं की हातच ढकलतात, फक्त हाताच्या मालकाला ते कळत नाही. तसाच तुमचा तळवा नकळत कलतो, असं मी पाणाड्याला दोन्ही हातांनी समजावलं.

"आसंल वो गुर्जी," तो म्हणाला. "तुमी धरून बघा की."

धरला. पश्चिमेच्या कोपऱ्यात गेलो आणि नारळ माझ्या हातावर उभा राहिला.

वास्तविक मला आनंद व्हायला हवा होता, कारण नुकताच सांगितलेला सिद्धांत माझ्याच तळव्यावर सिद्ध झाला होता. आनंद झाला, पण दुसराच. इतरांचे हात ढकलतात हे खरं, पण मी काही ढकललं नव्हतं! मला चांगलं जाणवलं होतं. फॅरेडेपुढची माणसंही शब्दशः हेच सांगत असणार, हे त्या क्षणी सुचलं नाही.

तेवढ्यात बांधावरून आई म्हणाली, "त्यो पायाळूच हाय."

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला; त्याला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. इतकी वर्षं ही गोष्ट घरात कुणी काढली नव्हती, कारण पायाळू माणसावर वीज पडते असंही म्हणतात. विजेचं मी अंधश्रद्धा म्हणून तिथल्या तिथं झटकून टाकलं. पाण्याचं ठेवलं.

आता जागा दोन झाल्या. पाणाड्याचा लिंब आणि माझा कोपरा. दादाने विचार केला की शिकलेल्या माणसाचा नारळ आहे, वजन असणार. तमिळनाडूकडची बोअरची गाडी रात्री आली. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मग गेरूचा पट्टा. गेरू लागला तेव्हा मी गर्दीपुढे छोटंसं व्याख्यान दिलं. शेतीसाठी 60 मीटरच्या खाली बोअर घेऊ नये असं 2009 चा भूजल कायदा सांगतो. हेही मला माहीत होतं. 200 फुटांवर दादाने माझ्याकडे पाहिलं. "अजून पन्नास," मी म्हणालो. पुढेही तेच म्हणत राहिलो. भाव फुटावर होता आणि फूट माझ्या तोंडून निघत होते. 420 फुटांवर पैसे संपले. पाणी लागलं नाही. धुरळा मात्र असा लागला की आईने मला आवाजावरून ओळखलं.

सकाळी पाणाड्या आला, भोकाकडे बघून हळहळला आणि म्हणाला, "जागा तुमची व्हती, गुर्जी." त्याच्या लिंबाखाली कुणी खणलंच नाही, त्यामुळे त्याची कीर्ती शाबूत आहे.

पुढे मी त्याच्या यशाची चौकशी केली. जो तो लागलेल्या बोअरचं नाव घेई. कोरड्यांचं विचारलं की उत्तरं तयार: नशीब नव्हतं, गाडी दोन हात सरकून लागली, आणखी दहा फूट जायला हवं होतं. यश पाणाड्याच्या खात्यावर, अपयश ज्याच्या त्याच्या पत्रिकेत. भेगाळ खडकात, बऱ्या पावसानंतर, कुठंही भोक पाडलं तरी पुष्कळदा थोडंफार लागतं, हे कुणाच्या हिशेबात नाही. जर्मनीत 1980 च्या दशकात म्युनिकजवळ पाणाड्यांची रीतसर परीक्षा झाली होती. खाली नळ सरकवायचा, वर यांनी जागा सांगायची. घेणाऱ्यांना काही जण तरबेज वाटले; पुढे एन्राइट नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासले, तर निव्वळ योगायोगाहून जास्त काही निघेना.

पण म्युनिक कशाला? रुसलेल्या दादाला घेऊन मी हिवरे बाजारला गेलो. जिल्हा आपलाच (तेव्हा अहमदनगर, 2024 पासून अहिल्यानगर, भूजलाची पातळी मात्र नाव बदलून वर आली नाही). तोच बेसॉल्ट, पाऊस वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने डोंगरावर चर खणले आणि सिंचनासाठी बोअर घ्यायला ग्रामसभेनेच बंदी घातली. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, पाण्याचा ताळेबंद सभेपुढे मांडायचा आणि मग पीक ठरवायचं. पाणी आहे असं तिथं कुणाला वाटत नाही. किती आहे ते लिहिलेलं असतं. उसाचा मोह त्यामुळेच सुटला.

दादा सगळं बघून म्हणाला, "हे तुला माहीत होतं?"

होतं. शाळेच्या सहली मीच तिथं नेल्या होत्या. त्यावर दादा जे बोलला ते छापण्याजोगं नाही, पण मुद्द्याचं होतं.

गंमत म्हणजे गावात माझं नाव झालं. गुरुजी पायाळू आहेत, नारळ उभा राहतो, एवढंच पसरलं. 420 फूट मागे पडले. परवाच शेजारच्या वाडीतून एक जण न्यायला आला होता. अशांना मी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या नगरच्या कार्यालयात जायला सांगतो. तिथं भूवैज्ञानिक असतात, जमिनीत वीज सोडून खडकाचा विरोध मोजतात. तरीही तुम्हाला कुणी माझं नाव सुचवलंच, तर आधी माझा आकडा विचारून घ्या: जागा एक, बोअर एक, पाणी नाही.