धावेमागे दहा लाख

२४ नोव्हेंबर २०२४. सौदी अरेबियातल्या जेद्दाहमध्ये श्रेयस अय्यरवर २६ कोटी ७५ लाखांना हातोडा पडला आणि मुंबईचा हा गडी आयपीएलच्या इतिहासातला सर्वांत महागडा खेळाडू ठरला. हा मान त्याच्याकडे मोजकी मिनिटं टिकला. पाठोपाठ ऋषभ पंतचं नाव पुकारलं गेलं. लखनौची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली, दिल्लीने आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क पुढे केला, तेव्हा लखनौने आकडा थेट २७ कोटींवर नेऊन ठेवला. दिल्लीने हात जोडले.

त्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या यच्चयावत कट्ट्यांवर, लोकलच्या डब्यांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एका ज्ञानशाखेला नव्याने बहर आला. तिला तुलनात्मक पगारशास्त्र म्हणता येईल. या शास्त्राचा पहिला सिद्धांत असा, की दुसऱ्याच्या पगाराला त्याच्या कामाने भागायचं असतं. स्वतःच्या पगाराला कशानेही भागायचं नसतं. दुसरा सिद्धांत असा, की भागाकार फक्त वाईट दिवशी करायचा.

पंतने शास्त्रज्ञांना निराश केलं नाही. २०२५ च्या मोसमात पहिल्याच सामन्यात तो शून्यावर बाद झाला. पहिल्या तेरा सामन्यांत मिळून त्याच्या धावा १५१. तेव्हाचा दर धावेमागे जवळजवळ १८ लाख रुपये. मग २७ मे रोजी बंगळुरूविरुद्ध त्याने नाबाद ११८ धावा ठोकल्या, शतक झाल्यावर मैदानात कोलांटीही मारली. एका रात्रीत दर घसरून दहा लाखांच्या आसपास आला. सोन्याच्या भावात अशी घसरण झाली असती तर लक्ष्मी रोडवर रांगा लागल्या असत्या. मात्र लखनौ तो सामना हरलं आणि षटकं वेळेत न टाकल्याबद्दल कर्णधार म्हणून पंतला ३० लाखांचा दंड झाला. मोसमाची बेरीज २६९.

आदल्या वर्षी हाच भागाकार मिचेल स्टार्कच्या वाट्याला आला होता. कोलकात्याने त्याला २४ कोटी ७५ लाखांना घेतलं होतं. पहिल्या दोन सामन्यांत आठ षटकं, शंभर धावा, बळी शून्य. शून्याने भागता येत नाही, हे शाळेत शिकवलेलं असल्यामुळे कट्ट्यावर काही काळ पेच निर्माण झाला. तो शिव्या घालून सोडवण्यात आला. पुढे पहिल्या क्वालिफायरमध्ये आणि अंतिम सामन्यात स्टार्कच सामनावीर ठरला आणि कोलकात्याने चषक उचलला. त्या रात्री कुणीही कॅल्क्युलेटर उघडल्याची नोंद नाही.

हे पैसे न्याय्य आहेत का, यावर तत्त्वज्ञांनीही डोकं चालवलेलं आहे. हार्वर्डच्या रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं उदाहरण घेतलं. समजा, प्रत्येक प्रेक्षक तिकिटासोबत २५ सेंट खास चेंबरलेनच्या डब्यात टाकतो. दहा लाख लोक आले, त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमले. सगळ्यांनी राजीखुशीने दिले, मग अन्याय कुठे झाला? कट्ट्यावर हाच युक्तिवाद ‘तुला कुणी टीव्ही लावायला सांगितलं होतं?’ एवढ्या सहा शब्दांत मांडला जातो. नोझिकना त्यासाठी अख्खं पुस्तक लिहावं लागलं.

अर्थतज्ज्ञ शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये या प्रकरणाचा तांत्रिक उलगडा केला. पहिल्या आणि दहाव्या नंबरच्या कलावंताच्या गुणांत उन्नीस-बीसचा फरक असतो. पण एकच माणूस एकाच वेळी कोट्यवधींपर्यंत पोचू लागला, की लोक वीसकडेच जातात आणि कमाईतला फरक शंभर पटींचा होतो. म्हणजे पैसा नुसत्या गुणाचा नसतो, कॅमेऱ्याचाही असतो.

याचा पुरावा भारतात रोझेन यांचा निबंध ताजा असतानाच मिळाला. १९८३ मध्ये कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे आणि मंडळाच्या तिजोरीत खेळाडूंना बक्षीस देण्याइतके पैसे नव्हते. शेवटी लता मंगेशकरांनी दिल्लीत मानधन न घेता कार्यक्रम केला आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. कपिलची प्रतिभा पंतच्या सत्तावीसशेव्या हिश्शाइतकी होती, असा दावा अद्याप कुणी केलेला नाही. दूरदर्शन त्या काळी एकटंच होतं आणि सामना दाखवायचे पैसे उलट मंडळाकडेच मागत असे. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल दिला. मग त्या सार्वजनिक मालमत्तेतून खासगी पैसा वाहू लागला. २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले.

इथे खरं तर तुलनात्मक पगारशास्त्राने पुढचा भागाकार करायला हवा होता. पाच मोसमांचे ४८,३९० कोटी म्हणजे वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. लिलावात दहा संघांकडे प्रत्येकी १२० कोटींची थैली होती. सगळ्यांनी ती झाडून रिकामी केली, तरी सगळ्या खेळाडूंच्या वाट्याला १,२०० कोटी येतात. शंभर रुपयांतले बारा. मॅच फी आणि इतर मानधन धरून पंधरा. तेही फक्त प्रक्षेपणाच्या पैशांतले; जाहिराती आणि तिकिटं वेगळीच. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये बास्केटबॉलपटूंना उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा मिळतो, कारण तिथे खेळाडूंची युनियन आहे आणि ती मालकांशी टेबलावर बसून भांडते. भारतात २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, पण ती निवृत्तांची. खेळायचं थांबल्यावर हक्क मागायची सोय आहे.

तेव्हा २७ कोटी जास्त की कमी, हा प्रश्न कुणाच्या शेजारी बसून विचारला जातो त्यावर अवलंबून आहे. संघमालकाच्या शेजारी बसलं तर पंत स्वस्तात पडला. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेशेजारी बसलं तर हिशेब निराळा. कोल्हापूर जिल्ह्यातला हा नेमबाज रेल्वेत तिकीट तपासनीस होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं आणि राज्य सरकारने एक कोटी जाहीर केले. हरियाणा आपल्या पदकविजेत्यांना याहून कितीतरी जास्त देतं, हे त्याच्या वडिलांनी जाहीरपणे बोलून दाखवल्यावर काहींना त्यात हाव दिसली. लिलावात लखनौने सव्वासहा कोटी एका दमात वाढवले, त्याला मात्र ‘धडाडी’ म्हणतात.

सांगलीच्या स्मृती मानधनाचंही तसंच. मॅच फी २०२२ पासून पुरुषांइतकी झाली, मंडळाने पाठ थोपटून घेतली. वार्षिक कराराचा कागद त्याच मंडळाचा: २०२४-२५ मध्ये पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला सात कोटी, महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला पन्नास लाख.

बाजारभावाचं आणखी एक गणित सुटत नाही. ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुरकीजवळ पंतची गाडी दुभाजकाला धडकून पेटली. हरियाणा रोडवेजची एक बस समोरून येत होती. तिच्या चालक-वाहकांनी धावत जाऊन त्याला बाजूला नेलं. त्यांचा सत्कार झाला आणि ते पुन्हा ड्युटीवर गेले. ज्या माणसाची किंमत पुढे २७ कोटी ठरली त्याला वाचवण्याची किंमत काय, यावर कुठल्याही संघाने पॅडल वर केलं नाही.

राहिला सुखाचा प्रश्न. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन या दोन नोबेलविजेत्यांनी २०१० मध्ये सांगितलं, की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजच्या आनंदात फारशी भर पडत नाही. जगभरच्या मालकांना हे संशोधन अतिशय आवडलं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी दाखवलं, की आनंद पुढेही वाढतच राहतो. मग २०२३ मध्ये कानमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकत्र बसून तह केला: बहुतेकांचा आनंद पैशासोबत वाढतो, जे मुळातच दुःखी आहेत, त्यांना ठरावीक रकमेनंतर पैसा उपयोगी पडत नाही. हे सांगायला तेरा वर्षं लागली.

त्याआधी १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी इलिनॉयच्या बावीस लॉटरी विजेत्यांना गाठलं होतं. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. शिवाय रोजच्या बारीकसारीक गोष्टींतली गोडी त्यांना कमी वाटू लागली होती.

मराठी माणसाला हे कळायला इलिनॉयला जावं लागत नाही. १९५१ च्या ‘अलबेला’नंतर भगवानदादांकडे जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या वारांइतक्या मोटारी होत्या, असं सांगतात. पुढचे चित्रपट पडले, बंगला गेला, मोटारी गेल्या आणि २००२ मध्ये दादा गेले ते दादरच्या चाळीतून. गणपतीच्या मिरवणुका त्या चाळीपाशी थांबत आणि त्यांची ती ठेक्यातली पावलं मागून घेत, असंही सांगतात. त्या नाचाची मॅच फी कुणी ठरवली नव्हती.

कट्ट्यावर मात्र सुखाचा मार्ग सापडलेला आहे, तो प्राप्तिकराचा. दोन कोटींच्या वर उत्पन्न गेलं की नव्या करप्रणालीत अधिभार आणि उपकर धरून वरच्या टप्प्याचा कर ३९ टक्क्यांवर जातो. म्हणजे २७ कोटींतले दहा कोटींहून अधिक सरकारजमा. हे कळताच फॉर्म सोळा घेऊन फिरणाऱ्या पगारदाराच्या चेहऱ्यावर जी तृप्ती येते, ती कुठल्याही नोबेलविजेत्याला मोजता आलेली नाही. पंत त्या क्षणी आपला माणूस होतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने निकाल दिला, की आयपीएलमधून पैसा येत असला तरी मंडळ क्रिकेटच्या प्रसाराचं धर्मादाय कामच करतं आणि करसवलतीला पात्र राहतं. मंडळाने तरीही २०२१-२२ साठी १,१५९ कोटींचा प्राप्तिकर भरल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं, हेही नोंदवायला हवं. पण या निकालाला ना सरासरी, ना स्ट्राइक रेट. त्यामुळे कट्ट्यावर तो चर्चेलाच आला नाही.